नाडीखालची उशी

मित्रांनो, मी उशी आहे, पण माझ्यावर डोके ठेवून आजवर कुणी झोपलेले नाही. मी वीतभर लांब आणि मुठीएवढी जाड आहे. माणसे माझ्यावर आपले मनगट उताणे ठेवतात आणि वैद्य त्यावर तीन बोटे टेकवून डोळे मिटतो. नाडी बघायची उशी म्हणतात मला. आता मी म्हातारी झाले. माझा निळा रंग विटून राखाडी झाला आहे आणि एका कोपऱ्याची शिवण उसवली आहे. तरी कुणाचा हात माझ्यावर आला की मला अजून सगळे कळते. सांगता मात्र काहीच येत नाही, कारण माझ्या पोटात मुगाची टरफले आहेत, तोंडात जीभ नाही. मुळात तोंडच नाही.

माझा जन्म तैवानच्या दक्षिणेला, एका मासेमारीच्या बंदरात झाला. तिथल्या देवळामागच्या गल्लीत ल्याओ वैद्यांचे दुकान होते. भिंतभर लाकडी कप्पे, त्यांत मुळ्या, साली, वाळलेली फळे आणि कसले कसले किडे. वैद्यांची बायको आ-सुन हिने मला शिवले. टरफले तिने अंगणात उन्हाला घातली, त्यांत शेवंतीच्या सुक्या पाकळ्या मिसळल्या. समुद्राची दमट हवा, उशी कुबट झाली तर लोकांना वाटेल वैद्यच कुबट आहे, असे तिचे म्हणणे होते.

"जरा टणक भर," वैद्य म्हणाले. "मनगट आत रुतायला नको."

"किती टणक? तुमच्या डोक्याइतकी?" आ-सुनने सुईवरून नजर न काढता विचारले.

माझ्या कानांवर पडलेले हे पहिले बोलणे. दर नववर्षाच्या आधी ती माझी खोळ धुवायची, फाटली असेल तर नवी शिवायची. तेव्हा मी मोठ्या दिमाखात टेबलावर बसत असे.

आमच्या बंदरातल्या लोकांची एक खोड होती. वैद्याकडे यायचे, बाकावर बसायचे, हात पुढे करायचा आणि तोंड मिटून घ्यायचे. काय होते आहे ते सांगायचेच नाही. सगळे आपणच सांगितले तर वैद्याची परीक्षा कशी होणार? वैद्य नाडी बघून बरोबर बोलला तर तो खरा, नाही तर पुढच्या गल्लीत दुसरा आहेच. त्यामुळे माझ्यावर आलेले हात मुके असायचे. पण मित्रांनो, मुका हात फार बोलतो.

एखादा माणूस घाबरलेला असेल किंवा चिंतेत असेल, तर सगळ्यांत आधी त्याची बोटे गार पडतात. रक्त बोटांच्या टोकांतून काढता पाय घेते आणि मांड्यांकडे, दंडांकडे धावते. मग तळव्याला घाम सुटतो आणि माझी खोळ ओली होते. नाडी पळू लागते. खांदे नकळत कानांकडे चढतात, दात दातांवर आवळले जातात, तोंडाला कोरड पडते. पोटाची चूल तर विझूनच जाते, कारण पळायच्या वेळी भात कोण शिजवत बसतो?

"शरीर भोळं आहे," वैद्य गिऱ्हाइकांना सांगायचे. "त्याला वाघ आणि सासू यांतला फरक कळत नाही. दोघांना बघून ते पळायचीच तयारी करतं. पण वाघ निघून जातो आणि शरीर निवांत होतं. सासू घरातच असते, मग ते निवांत कधी होणार?"

बायका तोंडावर हात धरून हसायच्या. एखादी म्हणायची, "आणि सासूला सून वाघ वाटते त्याचं काय?" वैद्य म्हणायचे, "म्हणून तर दोघींना एकाच काढ्याची पुडी देतो."

अशा सतत पळायच्या तयारीत असलेल्या माणसाची नाडी वाद्याच्या आवळलेल्या तारेसारखी लागते. वैद्य तिला तारेची नाडी म्हणायचे. तार थोडा वेळ आवळली तर ठीक, महिनोन्महिने आवळून ठेवली तर झोप जाते, केस गळतात, जेवण अंगी लागत नाही आणि शेवटी काळीज थकते.

पुढे आ-सुन तापाने गेली. तेव्हापासून माझी खोळ कुणी बदलली नाही. वैद्य दिवसभर लोकांच्या नाड्या बघायचे आणि दुकान बंद झाले की माझ्यासमोर एकटेच चहा पीत बसायचे. त्यांची एकुलती मुलगी शूयिंग तैपेईत शाळेत शिकवत होती. आम्ही दोघे एकमेकांना बघत बसायचो. त्या काळात मला पहिल्यांदा कळले की जो सगळ्यांची नाडी बघतो, त्याचा हात कुणी धरत नाही.

त्याच गल्लीच्या टोकाला आ-लिएन नावाची विधवा राहायची. दिवसभर अंगणात बसून कालवे फोडायची. तिचा मुलगा किमसुई लांब समुद्रात जाणाऱ्या मोठ्या मासेमारी बोटीवर होता. एकदा गेला की वर्ष-दीड वर्ष परत यायचा नाही. घरात आ-लिएन आणि तिची सून बी-हुई, दोघीच. सून बंदरावर कोळंबी निवडायच्या कामाला जायची. दोघींचे गुळपीठ होते असे नाही, पण भांडण झाले तरी ताटाला ताट लावून बसायच्या.

एका थंडीच्या सकाळी बी-हुई आली आणि न बोलता हात पुढे केला. तो हात माझ्यावर आला आणि मी दचकलेच. मासळी बाजारातल्या बर्फातून काढून आणल्यासारखा होता. वैद्यांनी बोटे टेकवली. तार आवळलेली होती, तुटायला आलेली.

"पोरी, किती दिवस जेवली नाहीस?"

"जेवते की, काका."

"तोंडानं खोटं बोललीस तर चालेल. मनगटानं नाही जमायचं. पाळी चुकली ना? आणि सकाळी उठलीस की उशीवर केसांचे झुपके असतात."

मग ती फुटली. बोटीच्या कचेरीत तिला एकटीला बोलावून सांगितले होते. वादळात किमसुईची बोट बेपत्ता झाली. बिनतारी यंत्रावर हाक मारून मारून थकले. शोध थांबवला.

"आईंना नाही सांगितलं," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणाला होतात ना, त्यांच्या काळजाला धक्का सोसायचा नाही? मी रोज सांगते, बोट आणखी पुढे गेलीय, बक्कळ मासळी लागलीय. त्यांचं तोंड फुलतं. काका, तुम्ही बोलू नका हं."

आमच्याकडची ही जुनी रीत आहे. घरच्यांना चांगले तेवढे सांगायचे, वाईट आपण गिळायचे. त्यांनी पुडी बांधून दिली. ती गेल्यावर बराच वेळ ते माझ्यावर नुसता तळवा ठेवून बसले. धक्का देऊ नका असे सांगताना त्या मुलीला गिळायला काय काय लागेल, याचा त्यांनी विचार केला नव्हता.

नववर्ष आले, फटाके झाले. वर्षाच्या पहिल्या दिवसांत आमच्याकडे कुणी वैद्याचा उंबरा चढत नाही. चढला तर वर्षभर आजार पाठ सोडत नाही म्हणतात. आणि दुसऱ्याच दिवशी मागच्या दाराची कडी वाजली. दारात आ-लिएन उभी, डोक्यावरून रुमाल ओढलेला.

"वहिनी, आज?"

"शूऽऽ! कुणी बघेल. काय झालंय ते ओळखा आणि पुडी द्या."

ती बसली. आयुष्यभर कालवे फोडून तिचा हात खरबरीत झाला होता, खोळीचे धागे त्याला अडकले. हात बर्फासारखा होता. वैद्यांनी बोटे टेकवली, आणि त्यांच्या बोटांखाली जे लागले ते मलाही लागले. तीच तार. सुनेची होती तशीच.

"छातीत दगड ठेवल्यासारखं होतं? पहाटेच जाग येते?"

"पास झालात," आ-लिएन म्हणाली. "आता पुडी."

"किमसुईची काय खबर?" वैद्यांनी सहज विचारले.

"मजेत आहे! लांब गेलाय, बक्कळ मासळी लागलीय. सून सांगते ना रोज." ती हसली. आणि तिची नाडी एकदम उसळली, दोन ठोके चुकली, पुन्हा पळत सुटली. वैद्यांचे डोळे उघडले. पण म्हाताऱ्या काळजाची नाडी अशी कधी कधी चुकते. त्यांना खात्री वाटेना. ती गेली आणि ते दिवसभर अस्वस्थ राहिले. ही बाई अशीच राहिली तर उन्हाळ्यातला होड्यांच्या शर्यतीचा सण बघणार नाही, असे ते मोठ्याने बोलले. ऐकायला मी एकटीच होते.

चार-सहा दिवसांनी बी-हुई आली. तिचे गाल बसले होते.

"काका, मला वेड लागतंय बहुतेक," ती म्हणाली. "वर्षाच्या शेवटच्या जेवणाला यांचं पान मांडलं होतं. खुर्चीवर यांचा सदरा, पुढे भाताचं वाडगं. आईच म्हणाल्या, मांड, माणूस लांब असलं तरी घरचंच आहे. मी भात वाढला आणि माझ्या हातांनी काय केलं माहितेय? जेवणाच्या काड्या भातात उभ्या खोचल्या."

आमच्याकडे भातात काड्या उभ्या खोचतात त्या फक्त मेलेल्या माणसासाठी. जिवंत माणसाच्या वाडग्यात चुकून कुणी खोचल्या तर आजूबाजूचे किंचाळून उठतात, पोराला थोबाडीत बसते.

"मासा आणायला चुलीशी गेले तेव्हा लक्षात आलं. धावत परत आले. तर काड्या वाडग्यावर नीट आडव्या ठेवलेल्या! आई शांत बसलेल्या. म्हणाल्या, ये, मासा गार होतोय. म्हणजे मी खोचल्याच नव्हत्या का? मला काय दिसतंय, काय करतेय, काही कळत नाही हो."

वैद्यांनी तिच्या मनगटावरून बोटे उचलली. मित्रांनो, त्यांना आता उलगडले होते. उभ्या काड्या बघून जी म्हातारी किंचाळली नाही, रागावली नाही, गुपचूप आडव्या करून बसली, तिला सगळे ठाऊक होते. आणि तिला ठाऊक आहे हे या मुलीला ठाऊक नव्हते. एकाच घरात, एकाच टेबलाशी बसून दोघी रिकाम्या खुर्चीसमोर हसत मासा खात होत्या.

"उद्या आईंना घेऊन ये," वैद्य म्हणाले. "दोघींचा काढा एकाच भांड्यात उकळायचा आहे. नाड्या जुळवून बघायला हव्यात." असे कुठल्या शास्त्रात लिहिले आहे ते मला माहीत नाही. बहुधा कुठेच नसावे.

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. वाटेत मिठावरून वाजले होते वाटते, कारण दोघी दोन दिशांना बघत होत्या. वैद्यांनी त्यांना समोरासमोर बसवले आणि मला मधोमध ठेवले.

"दोघी हात ठेवा. माझी बोटं आज आखडली आहेत. तुम्हीच एकमेकींची नाडी बघायची."

"आम्हाला काय कळतंय?" आ-लिएन म्हणाली.

"कालवं फोडायला कळतं ना? मग हेही कळेल." त्यांनी सासूची तीन बोटे सुनेच्या मनगटावर नेऊन ठेवली, सुनेची सासूच्या. "बोलायचं नाही. फक्त बोटांखाली काय लागतंय ते बघा."

दोन गार हात माझ्यावर एकत्र आले होते. इतक्या वर्षांत असे कधी झाले नव्हते. मला जड वाटले, पण हलावेसे वाटेना.

मग वैद्य म्हणाले, "किमसुईची काय खबर?"

दोन्ही नाड्या एकाच क्षणी उसळल्या. घामाने माझी खोळ भिजली. दोघींनी एकमेकींकडे पाहिले. "मजेत आहे," असे म्हणायला बी-हुईने ओठ उघडले, पण तिच्या बोटांखाली सासूचे काळीज धडपडत होते आणि सासूच्या बोटांखाली तिचे. त्या अवस्थेत कोण कुणाला फसवणार?

"काड्या मी आडव्या केल्या गं," आ-लिएन म्हणाली.

"आई..."

"माझा भाचा बंदरावर बोलून गेला. त्याला वाटलं मला माहीत असेल. मग म्हटलं, तू रोज एवढी नटवून थापा मारतेस, तुझा आधार का मोडू? तू कोसळली असतीस."

"मला वाटलं तुम्ही कोसळाल."

"मेले, दोघीही उभ्याच आहोत की," म्हातारी म्हणाली आणि मग तिला हुंदका आवरेना. बी-हुईने तिचा हात घट्ट धरला. दोन तळव्यांच्या मध्ये मी चेंगरले, माझी कोपऱ्याची शिवण तेव्हाच उसवली. ती मी कधी शिवून घेतली नसती. वैद्य कप्प्यांच्या भिंतीकडे तोंड करून ज्येष्ठमध तोलत राहिले. तोलायचे काहीच नव्हते.

नंतर त्या दोघी किमसुईचा सदरा बांबूला बांधून समुद्रावर गेल्या आणि त्याच्या आत्म्याला नावाने हाका मारून घरी बोलावून आणले. घरातल्या पूर्वजांच्या पाटीवर त्याचे नाव लिहून घेतले, उदबत्ती लावली. आता वाडग्यात काड्या उभ्या खोचायच्या की नाहीत याची भीती उरली नाही. दुःख काही गेले नाही. पण महिन्याभराने त्या पुन्हा आल्या तेव्हा हात कोमट होते. मग सुनेची पाळी सुरू झाली, केस गळायचे थांबले, म्हातारीला उजाडेपर्यंत झोप लागू लागली. वाघ घरातच होता, पण आता दोघी मिळून त्याच्याकडे बघत होत्या.

हे सगळे ज्यांनी घडवले, ते ल्याओ वैद्य मात्र आपल्या बाबतीत अगदी शुंभ होते. दर रविवारी माझ्या शेजारचा फोन वाजायचा. डाव्या हातात फोन, उजवे मनगट माझ्यावर. "मी ठणठणीत आहे, शूयिंग. अगं जेवण? दोन दोन वाडगी! नाही नाही, येऊ नकोस, एवढा प्रवास कशाला?" आणि तो हात गार असायचा, तार दिवसेंदिवस आवळत होती. फोन ठेवल्यावर ते तसेच बसून राहायचे. दोन वाडगी तर सोडाच, एकसुद्धा संपत नसे. मी सगळे जाणत होते आणि टेबलावर पडून होते.

एके दिवशी आ-लिएन आले घातलेले माशाचे सूप घेऊन आली, बरोबर सून. वैद्यांच्या चढलेल्या खांद्यांकडे तिने एकवार पाहिले.

"हात ठेवा."

"वहिनी, आता तुम्ही मला शिकवणार?"

"तुम्हीच शिकवलंत. ठेवा." तिने स्वतःच त्यांचे मनगट माझ्यावर ओढले आणि तीन बोटे टेकवली. जागा थोडी चुकली होती. "शूयिंगची काय खबर? कधी येतेय?"

नाडी उसळली. वैद्य घाईने म्हणाले, "आज चहा जरा जास्त झालाय."

"चहा! कालवं फोडणाऱ्या बाईला चहा सांगता?" ती हात सोडेना. "बी-हुई, भिंतीवर नंबर लिहिलाय, फिरव. हां, दे इकडे. कोण, शूयिंग? मी गल्लीतली आ-लिएन. तुझा बाप खोटं बोलतो. हात बर्फासारखा पडलाय. काय? अगं मजेत कसला, ये तू!"

शूयिंग आली. मग दर आठवड्याला येऊ लागली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुक्कामालाच राहिली. बापलेक माझ्या दोन बाजूंना बसून भात खायचे. वैद्यांचे वय झालेच होते, पानगळीत ते गेले. पण जाताना त्यांचा हात ऊबदार होता, ते मी सांगू शकते. तेव्हाही तो माझ्यावरच होता, आणि वर मुलीची बोटे होती.

दुकान बंद झाले. कप्प्यांची भिंत कुणी जुन्या वस्तूंवाल्याने नेली. शूयिंगने मला धुवायला घेतले, आईची शिवण पाहिली आणि न धुता मला तसेच पिशवीत घातले. तेव्हापासून मी तैपेईत, सातव्या मजल्यावर, फोनच्या शेजारी आहे. इथे समुद्राचा वास येत नाही. माझ्यावर कुणी मुका हात ठेवून परीक्षा घेत नाही. पाहुणे आले तर मला टाचण्या खोचायची उशी समजतात.

शूयिंग आता निवृत्त झाली आहे. तिचा मुलगा परदेशात असतो. दर रविवारी त्याचा फोन येतो. जुनी सवय म्हणून बोलताना ती मनगट माझ्यावर ठेवते. "मी अगदी मजेत आहे, बाळा. जेवले. दोन दोन वाडगी! तू कामं सोडून येऊ नकोस." आ-लिएन केव्हाच गेली. बी-हुई त्या लांबच्या बंदरात आहे. इथे तीन बोटे टेकवणारे कुणी नाही.

मित्रांनो, मला जीभ नाही, तुम्हाला आहे. मला बोटे नाहीत, तुम्हाला आहेत. तुमच्या घरात कुणी फार घाईने 'मी मजेत आहे' म्हणाले, तर त्याचे मनगट हातात घ्या. बोटांची जागा चुकली तरी चालेल, आ-लिएनचीही चुकली होती. हात गार लागला तर विचारा, आणि खरे उत्तर येईपर्यंत सोडू नका.

आजही रविवार आहे. फोन ठेवून बराच वेळ झाला. शूयिंगचा हात अजून माझ्यावर आहे, आणि तो गार आहे.